दिवसा बत्ती

"आधी बत्ती लावून दाखवा," असं तो भर दुपारी म्हणायचा. ऊन डोळ्यांत खुपत असताना टेम्पोचे दिवे लावायचे. मग तो पुढून मागे चालत जायचा, काठीच्या टोकाने एकेका दिव्याला हळूच शिवायचा आणि मगच जायला सांगायचा.

आमच्या रस्त्यावरच्या पोलीस नाक्याचा तो जमादार. मी भाजीचा व्यापारी. डोक्यावर टोपली घेऊन सुरुवात केली, टेम्पोपर्यंत आलो, तेही घासाघीस करतच. त्याच्याआधीच्या जमादाराशीही मी घासाघीस करायचो. माझ्या टेम्पोचा मागचा दिवा फुटका होता. तो नुसतं बोट दाखवायचा, मी कुरकुरायचो आणि चहापाणी व मेथीच्या दोन जुड्या यांवर सौदा पटायचा.

हा नवा आला त्या दिवशी सवयीने जुड्या पुढे केल्या.

"भाऊ, मेथी घरी न्या. दिवा आणा."

"आणतो उद्या."

"आज."

टोमॅटोने भरलेला टेम्पो त्याने बाजूला लावायला लावला. मी बसने बोथ गावी जाऊन दिवा आणला, बसवला. तोवर आदिलाबादचा बाजार उठला होता आणि खालच्या थरातले टोमॅटो पाणी सोडत होते. माझं डोकं फिरलं.

"तुमच्यापेक्षा पहिला जमादार बरा होता."

"तुमाले बरा होता," तो म्हणाला, "मागून येणाऱ्या गाडीले नव्हता."

त्या टोमॅटोंची माफी मी त्याला आजही दिलेली नाही. एवढा कडकपणा कशाला, एक दिवसाची सवलत द्यायला काय झालं होतं? पण घरी आल्यावर एक गोष्ट लक्षात आली. दोन वर्षांत पहिल्या जमादाराने 'दिवा बसव' असं एकदाही सांगितलं नव्हतं. माझा फुटका दिवा त्याच्या कामाचा होता. तुम्हीही असे दोन्ही प्रकार पाहिले असतील. एकाला आपली चूक टिकायला हवी असते, दुसऱ्याला ती आजच्या आज संपायला हवी असते. त्रास दोघांचाही होतो.

पुढे बाजारात एका अडत्याने मला वजनात मारलं. मी त्याच्या थोबाडीत दिली. तो मोठ्या लोकांत ऊठबस असलेला. त्याने तक्रार दिली की मी मारलं आणि गल्ल्यातून पैसेही काढले. चोरीचा डाग लागला असता तर बाजारातली माझी जागा गेली असती, म्हणजे सगळंच गेलं असतं. तोवर या कडक जमादाराची नाक्यावरून ठाण्यात बदली झाली होती आणि चौकशी त्याच्याकडेच आली.

तीन दिवस तो बाजारात हमाल, चहावाले, शेजारचे दुकानदार, सगळ्यांना विचारत फिरला. मग अडत्याच्या गल्ल्यासमोर उभा राहिला.

"शेठ, याची किल्ली कोणाजवळ राह्यते?"

"माझ्या कमरेले."

"त्या दिवशी?"

"रोजच."

"कुलूप तुटलं होतं?"

"नाही."

"मंग यानं पैसे कसे काढले?"

जमादाराने सगळ्यांसमोर लिहिलं की चोरी झालेली नाही. मी हात जोडले आणि निघालो.

"थांबा भाऊ. थापड मारली का?"

"साहेब, त्यानं मले वजनात मारलं."

"त्याचा काटा मी तपासाले पाठवून राह्यलो. थापडीचं विचारलं."

"मारली."

"कोणत्या हातानं?"

"उजव्या," मी म्हणालो. त्याने तेही लिहिलं. थापडीचा दंड मी कोर्टात भरला. पहिला जमादार असता तर चोरी आणि थापड दोन्ही एकाच सौद्यात मिटल्या असत्या. अडत्याने जास्त दिले असते तर दोन्ही माझ्या गळ्यात पडल्या असत्या.

नंतर या जमादाराची पुन्हा बदली झाली, इंद्रवेल्लीकडे कुठेतरी. निरोप घ्यायला जावं असं वाटलं होतं, टोमॅटो आठवले आणि गेलो नाही. ते चुकलं.

परवा नाक्यावर टेम्पो थांबवला आणि भर उन्हात माझा हात आपोआप दिव्यांच्या बटणावर गेला. तिथला आताचा जमादार गाडीभोवती दोनदा फिरला.

"बत्ती काऊन लावली बे दिवसा?"

"पाहून घ्या म्हटलं."

त्याने पुढचे दिवे पाहिले, मागचे पाहिले, कागद उलटसुलट केले.

"काहीच नाही का तुझ्या गाडीत खराब?" त्याने पडेल आवाजात विचारलं.

"नाही साहेब," मी म्हणालो, आणि दिवे तसेच ठेवून आदिलाबादपर्यंत गेलो.