बंद घरांना कोण विचारणार?

बातमी आली तेव्हा मी स्टाफरूममध्ये डबा उघडत होते. मंगळवार होता. माझा नवरा विनायक परीक्षेच्या कामाला शहापूरला गेला होता. तिथल्या दवाखान्यातून तो वारल्याचा फोन आला.

मुरबाडच्या आमच्या कॉलेजात तो समाजशास्त्र शिकवायचा, मी मराठी. तिसऱ्या वर्षाची तीन मुलं त्याच्याकडे सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीवर प्रकल्प करत होती. वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांतल्या पोरांच्या शाळेचं काय होतं, हा विषय. आईबाप भट्टीवर असताना पोरांना गावातच ठेवणारं हंगामी वसतिगृह वाडीला हवं होतं आणि अर्जाला हाच अहवाल जोडायचा होता. अर्धा राहिलेला अहवाल मी मुलांकडून पुरा करून घेतला. त्या बैठकांत कामापेक्षा सरांचे किस्सेच जास्त निघाले.

पहिली पाहणी मुलांनी दिवाळीनंतर केली. निष्कर्ष: ‘या वाडीतून कोणीही स्थलांतर करत नाही.’ निम्म्या घरांची दारं काट्या लावून बंद केलेली होती. विनायकने त्या घरांचं विचारलं, तर रोशन म्हणाला, “सर, तिथं कोण नव्हतंच, म्हणून ती घरं गाळली.”

रोशन त्याच वाडीतला. स्वतःच्या घरची प्रश्नावली त्याने कॉलेजच्या कट्ट्यावर बसूनच भरली. आईचं शिक्षण: नाही. विनायकने त्याला घरी पिटाळलं. आई म्हणाली, तिसरी पास आहे, चौथीच्या वर्षी भट्टीवर नेली. रोशनला हे माहीतच नव्हतं.

“तू कदी इचारलंस?” आई म्हणाली.

भट्टीवर मालक बोलू देईना, म्हणून म्हसा गावच्या जत्रेत मुलाखती घ्यायचं ठरलं. तिथे सगळे येतातच. तिघांतल्या कविताला एक बाई भेटली. तिची अट एकच, आधी आकाशपाळण्यात बसायचं. रेकॉर्डिंग वरच झालं. कविताने इमानदारीत उतरवून काढलं: ‘उत्तरदाती किंचाळली. मुलाखतकारही किंचाळली.’ विनायकने समासात लिहिलं, ‘नोंद अचूक. प्रश्न कुठे आहे?’

वाडीत मागे राहतात त्या बहुतेक म्हाताऱ्या. त्यांतल्या ठमाबाईने दुपारभर सांगितलं. तिची चारही पोरं भट्टीवरच वाढली, शाळेत एकही नाही. उठताना विनायकने संशोधनाचा नियम समजावला: काळजी नको, तुमचं नाव कुठेही येणार नाही, नुसता क्रमांक येईल.

ठमाबाई बिघडली. “येवढा टाइम बोलली मी, नि नाव नाय लिवनार? मंग ह्ये कोनी सांगितलं, ते सायबाला कसा कलल?”

विनायक रात्री घरी आला. जेवताना म्हणाला, नियम त्यांच्या भल्यासाठीच आहे, पण त्यांना विचारून केलेला नाही. येत्या रविवारी पुन्हा जाऊ, ज्यांना हवं त्यांची नावं घालू.

तो शुक्रवार होता. रविवारी कॉलेजचं काम निघालं. मग मंगळवार.

अहवाल मुलांनी मुदतीत दिला, अर्जालाही जोडला. परत विचारायला कोणी गेलं नाही. ठमाबाईचं नाव घालायचं राहिलं.