बोडीचं पाणी प्यालेली गाडी

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. गाडी चालवताना तर जास्तच. वळण आलं की भितो, आणि सरळ रस्ता लांबवर रिकामा दिसला की त्यालाही भितो. बायको म्हणते, "तुमी बसल्या जागी तीनदा मरता." खोटं नाही.

गाडी बाबांची. पांढरी, पेट्रोलवरची, तीस वर्षं होत आली, पण पत्र्यावर गंजाचा ठिपका नाही. बाबा तिला धानाच्या कोठारापासून लांब उभी करायचे, कारण धान तिथं उंदीर आणि उंदीर तिथं कुरतडलेल्या वायरी. सीटवर आईने शिवलेल्या खोळी अजून आहेत.

देवरीकडचं आमचं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. गावामागची बोडी, म्हणजे लहानसा तलाव, आमच्याच पूर्वजांनी खोदलेली. घरात नवं जे येईल त्याने पहिलं पाणी त्या बोडीचं प्यायचं, ही आमची रीत. बैलजोडी आली, तिला पाजलं. माझी बायको लग्न होऊन आली, तिलाही ओंजळभर पाजलं. ती चव अजून तोंडातून गेली नाही म्हणते. गाडी आली तेव्हा बाबांनी रेडिएटरचं झाकण उघडून एक तांब्या आत ओतला आणि नारळ फोडला. त्यानंतर ते गाडीत इंजिन थंड ठेवणारं दुकानातलं हिरवं पाणीच भरत.

बाबा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. पहिल्यांदा एकटा गोंदियाला निघालो त्या दिवशी छातीत इतकं धडधडत होतं, की मी बोडीवर जाऊन तांब्या भरून आणला आणि रेडिएटरमध्ये ओतला. सुखरूप परत आलो. झालं. पुढे तांब्या ओतल्याशिवाय गावाची शीव ओलांडायची माझी छाती होईना. रेडिएटर काठोकाठ भरलेला असला तर खालचा नळ उघडून थोडं पाणी सोडून द्यायचो आणि बोडीच्या पाण्याला जागा करायचो. सहा वर्षं हे चाललं. लाज वाटायची, म्हणून घरची मंडळी तयार होत असतानाच उरकून घ्यायचो.

बायकोला दमा आहे. गेल्या उन्हाळ्यात, तेंदूपानाच्या दिवसांत, भर दुपारी तिला जोराची धाप लागली. गोंदियाचा डॉक्टर फोनवर म्हणाला, लगेच घेऊन या. तशा घाईतही मी आधी तांब्या ओतला आणि मगच चावी फिरवली. देवरी मागे पडलं, आमगाव अजून लांब, दोन्ही बाजूंना जंगल, आणि इंजिनाच्या उष्णतेचा काटा लाल रेघेला टेकला. बॉनेटमधून वाफ आली, इंजिन दोनदा आचके देऊन बंद पडलं.

त्या वेळची भीती मला अजून नीट सांगता येत नाही. मोबाइलला रेंज नव्हती. तोंडात धरायचा पंप तिने दोनदा दाबला, तिसऱ्यांदा तो नुसताच फुसफुसला. ती खिडकीची कड धरून पुढे वाकली होती, ओठ जांभळट पडत चालले होते, आणि मी रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभा होतो. एक मोटारसायकल न थांबता गेली. नंतर तेंदूपानाची पोती भरलेला एक टेम्पो आला, त्याने आम्हाला समोर बसवून आमगावच्या दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लागला आणि ती वाचली.

गाडी ओढून गोंदियाला नेली. मेकॅनिकने कान लावून ऐकलं, रेडिएटरमध्ये टॉर्च मारला आणि म्हणाला, "काकाजी, इंजिन गया समझो. दूसरा बैठा देते. डिझेल का है मेरे पास, एकदम साफ." मी विचारलं, कोणत्या गाडीचं? "अ‍ॅक्सिडेंटवाली का. पीछे से ठुकी थी, इंजिन को कुछ नहीं हुआ." त्या गाडीतल्या माणसांचं काय झालं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. वर ते इंजिन वजनदार. जुन्या ब्रेकना ते झेपेल का? इकडे आड, तिकडे विहीर. आठवडाभर मला अन्न गोड लागलं नाही. जुनं ठेवावं तर ते पुन्हा जंगलात दगा देईल, नवं घालावं तर उतारावर थांबणार नाही, आणि दोन्ही वेळा बाजूला ती बसलेली असेल.

शेवटी सांगितलं, आधी जुनं उघडून तर बघा. आम्ही दोघं गेलो तेव्हा इंजिन टेबलावर होतं. मेकॅनिकने पाणी फिरायच्या वाटांवरची झाकणं काढली होती, आणि आत करडा गाळ घट्ट बसला होता. आमच्या बोडीचा गाळ मी कुठंही ओळखतो.

"ये मिट्टी किसने डाली?" त्याने विचारलं.

"आमचे बाबा टाकायचे," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं.

इंजिन खराब नव्हतंच. गाळ काढला, गॅस्केट बदललं, नवा रेडिएटर लावला, की चालणार होतं. तरी मी म्हणालो, दुसरंच बसवा. खरं सांगायचं तर मला ते जुनं इंजिन डोळ्यांसमोर नको होतं. ते भंगारात गेलं असतं तर दोष त्याचाच राहिला असता.

बायकोने मला बाजूला घेतलं. "नवीन इंजिनातबी तुमीच तांब्या ओतसान ना?" ती म्हणाली. "मंग बदलता कायले?"

जुनंच इंजिन राहिलं.

महिन्याने तिच्या तपासणीसाठी पुन्हा गोंदियाला निघालो. तांब्या ओसरीवर पालथा होता. शीव ओलांडताना स्टिअरिंग घामाने ओलं झालं होतं. माझी नजर रस्त्यावर कमी आणि काट्यावर जास्त. काटा मधोमध. जंगल लागलं, आणि जिथं गाडी बंद पडली होती तिथं ती म्हणाली, "थांबवा."

मी थांबवली.

"बंद करा."

"इथं? काऊन?"

"करा म्हटलं ना."

मी चावी फिरवली. इंजिन थांबल्यावर फक्त तिच्या श्वासाची बारीक शिट्टी ऐकू येत होती.

"मामाजीनं एकच तांब्या ओतला होता," ती म्हणाली. माझ्या बाबांना ती मामाजीच म्हणायची. "मेकॅनिकले काहीबी सांगा. मले खरं सांगा."

"मीच," मी म्हणालो. "सहा वर्षं. त्या दिवशीसुद्धा." मग मला रडू फुटलं. मी तुला मारलंच होतं, असं काहीतरी म्हणालो. तिने मला रडू दिलं. पदराने स्वतःच्या कपाळावरचा घाम पुसला.

"आता चालू करा," ती म्हणाली.

मी डोळे पुसले. चावी फिरवली, इंजिनाने एकदा घरघर केली आणि ते सुरू झालं.

"चला," ती म्हणाली, "डॉक्टर जेवाले जाईन."