वीतभर अंतर

लेकीच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती पुन्हा कबड्डी खेळेल का, ते तंजावूरच्या व्यायामकेंद्रातल्या डुलत्या फळीवर ठरायचं होतं. तिथले फिजिओथेरपिस्ट फळीवरच्या माणसाला कधी धरत नाहीत. तळहात त्याच्या पाठीमागे वीतभर अंतरावर ठेवतात. मला ते अंतर फार वाटतं.

घरात शिरताना उजवा पाय आधी, या सवयीनं ती फळीवरही तोच आधी टाकायची.

"अम्मा, हे काय सासर आहे? डावा आधी!" ते तिला हसून ओरडायचे; तमिळ लाडात मुलगीही अम्माच.

काल तिनं पुन्हा उजवाच टाकला. या वेळी त्यांनी अडवलं नाही. मी घाबरून उठलो.

"बसा अण्णा. आज तो पाय तिला पेलतो का, बघू."

फळी डुलली, मग थांबली. ती उभी होती. त्यांचा हात वीतभर मागेच होता, बोटं धरायला पसरलेली.