मेळ्यातली जाऊबाईंची खुर्ची

सौंसरला शेतीचा मेळा सुरू झाला तेव्हा त्याला धड जागाही नव्हती. बैलबाजार भरायचा ते माळरान लोकांनी मागून घेतलं. जमीन सारखी करायला आसपासच्या गावांतून बैलांचे बखर आले, आम्ही बायकांनी टोपल्यांनी गोटे वेचले. माझ्या शेजारी माझ्या मोठ्या जाऊबाई होत्या. तिथंही त्यांची टोपली माझ्याआधी भरायची.

घरची संत्र्याची बाग दोघा भावांत वाटली गेली होती. विहिरीकडची झाडं त्यांना, नाल्याकडची आम्हाला. मेळ्यात संत्र्यांची स्पर्धा असे. ताटलीत पाच फळं मांडायची. पहिल्या वर्षी जाऊबाईंचा पहिला नंबर आला, दुसऱ्या वर्षीही. मोहगावच्या बाया त्यांना विचारायच्या, "झाडाले काय घालता जी?" मी शेजारीच उभी, माझ्या ताटलीकडे कुणी बघेना. नवऱ्याला म्हणायची, "विहीर त्यायच्याकडे गेली म्हणून!" तो आणखी एक भाकर मागायचा.

मग मी हट्टालाच पेटले. कोणत्या झाडाला किती पाणी द्यायचं, कधी पाणी तोडून ताण द्यायचा, सगळं स्वतः बघू लागले. त्या वर्षी फळ असं धरलं की फांद्यांना टेकू द्यावे लागले. आता बघू जाऊबाई काय आणतात!

मांडवात गेले तर जाऊबाईंची ताटलीच नव्हती. मेळ्याच्या मंडळींनी त्यांना परीक्षक केलं होतं. टेबलामागच्या खुर्चीवर त्या नवं लुगडं नेसून बसल्या होत्या, हातात सुरी. त्यांनी माझं संत्रं कापलं, एक फोड तोंडात टाकली, दुसरी शेजारी बसलेल्या दुसऱ्या परीक्षक साहेबांना दिली.

"ताण बरा देल्ला वं तू झाडाले," त्या म्हणाल्या.

पहिला नंबर माझा आला. फवारणीचा पंप मिळाला. परत येताना बैलबंडीत मी पंपाकडे पाठ करून बसले.

नवरा म्हणाला, "आता काऊन तोंड पाडून राहिली? आला ना पहिला नंबर!"

"त्यायले खुर्चीवर बसवलं," मी म्हटलं. "गोटे काय मी नाही वेचले?"

तो इतका हसला की बैल थबकले.

पुढं त्या मैदानावर गोदामं झाली आणि मेळा गावाबाहेर गेला. नव्या जागी मी दोनदा बक्षीस घेतलं. परीक्षक म्हणून मात्र मला कुणी बोलावलं नाही. जाऊबाई शेवटपर्यंत जात राहिल्या, आणि दर वेळी त्यांचं लुगडं मी दुरूनच बघून घ्यायची.