वन्संच्या शिलाईखोलीतली भोकं

आमचे हे कुणाच्याही घरी गेले की आधी जमिनीकडे बघतात. यजमान बिचारे "या, बसा" म्हणत असतात आणि हे भिंतीच्या बुडाशी वाकून फट किती रुंद आहे ते पाहत असतात. मातीतून रेडॉन नावाचा वायू घरात शिरतो, तो मोजायचा कसा आणि कमी करायचा कसा, हे ते शिकवतात. वर्गाला इंजिनिअर, गवंडी, नळकाम करणारे असे सगळे येतात. "वास नाही, रंग नाही, पण वर्षानुवर्षं छातीत जात राहिला तर फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की ह्यांना ताप आला तर वर्ग मी घेईन.

त्यांच्या संस्थेकडे यंत्रं आहेत, फळा आहे, भाषणाला उभं राहायला व्यासपीठ आहे. नाही ती फक्त भोकं पाडायला जमीन. आणि भोकं पाडल्याशिवाय हे काम शिकता येत नाही. फरशीला कोपऱ्यात एक मोठं भोक पाडून तिथून हवा ओढायची आणि लांब लांब पाडलेल्या बारीक भोकांशी मापक धरून ओढ तिथवर पोचते का ते बघायचं. त्यावरून पाइप आणि पंखा कुठे बसवायचा ते ठरतं. ही अडचण कळल्यावर वन्सं म्हणाल्या, "अरे धाकट्या, माझी खालची खोली रिकामीच आहे. पाड काय पाडायचं ते."

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. आई लवकर गेली, तेव्हा ह्यांना त्यांनीच वाढवलं. त्यांच्या घराची खालची खोली अर्धी जमिनीत आहे. ह्यांनी ती आधी रीतसर मोजली. आकडा अगदी कमी आला. "ताई, इथे खुशाल बस," असं ह्यांनी सांगितलं म्हणून वन्संनी आपलं शिलाईचं मशीन खाली आणलं. वर रस्त्याचा गोंगाट, खाली शांतता. पडदे, अभ्रे, शाळेचे गणवेश, सगळं तिथेच शिवायला लागल्या. सकाळी बसल्या की उजेड जाईपर्यंत उठत नसत.

शिकवणी संपली की भोकं सिमेंटने पक्की बुजवायची, असं हे प्रत्येक तुकडीला टेबल बडवून सांगतात. पण बहिणीच्या घरी त्यांनी काय केलं? पुढच्या तुकडीला हीच भोकं लागणार, परत कशाला फोडा, म्हणून त्यात खिडकीच्या काचा बसवायला वापरतात ती लांबी दाबली आणि वर प्लॅस्टिकचा गालिचा अंथरला. घरचंच तर काम! बाहेरच्या माणसाने असं केलं असतं तर ह्यांनी त्याला उभा सोलला असता.

यंदाच्या तुकडीत बांधकाम कंपनीतल्या एक इंजिनिअरबाई होत्या. चाळिशीच्या, तोंडाने फटकळ. खिडक्या बंद ठेवून मोजणीची डबी ठेवायची, असा सराव प्रत्येकाला दिला होता. त्यांच्या वाट्याला वन्संची खोली आली. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर निघाला. ह्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "डबी फटीला चिकटवून ठेवलीत ना? ती खोली मी स्वतः तपासलेली आहे."

"कधी तपासली होती, सर? भोकं पाडायच्या आधी की नंतर?"

वर्ग हसला. ह्यांचा पारा चढला आणि बाई नापास झाल्या. संध्याकाळी जेवताना हे सगळं मला रंगवून सांगत होते. मी म्हटलं, "पण त्यांनी विचारलं ते बरोबरच होतं की."

ह्यांनी मग गुपचूप आपलं यंत्र तिथे नेऊन ठेवलं. आकडा तोच. गालिचा उचलला तर लांबी सुकून आक्रसलेली, कडेने फटी पडलेल्या, एक बोळा तर आतच पडलेला. घरी आले आणि कितीतरी वेळ नळाखाली हात धूत राहिले. "ती दिवसभर तिथे बसते गं," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला.

वन्संना ह्यांनी सांगितलं, "नव्या तुकडीची तयारी करतोय." भोकं सिमेंटने बुजवली, पाइप टाकून पंखाही बसवला. वन्सं शेजारणीला कौतुकाने सांगत होत्या, "बघा, एवढा मोठा सर झाला, तरी माझ्याकडे गुडघे टेकून काम करतो." त्या चहा घेऊन आल्या, तेव्हा हे आवळलेलेच स्क्रू पुन्हा आवळत बसले.

घरी आल्यावर माझं डोकं फिरलं. "इथे तोंड पाडून बसण्यापेक्षा तिथे जाऊन बोला ना!"

"सांगितलं तर ती म्हणेल, जाऊ दे रे. तेच मला सोसणार नाही," हे म्हणाले. मग स्वतःशीच पुटपुटले, धोका तसा वर्षानुवर्षांचा असतो, भोकं पाडल्यापासून ती थोडाच काळ तिथे बसली आहे. लगेच मान हलवली. "विद्यार्थ्याने ही सबब दिली असती तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं."

रविवारी आम्ही दोघं गेलो. वन्सं खालीच पडदे शिवत होत्या. ह्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. लांबीचं, गालिच्याचं, नापास केलेल्या बाईंचंसुद्धा. मशीन थांबलं.

"म्हणजे मी इथे बसून तेच ओढत होते?"

"हो."

"मला काय होईल?"

"बहुतेक काही नाही, ताई. पण नक्की कुणीच सांगू शकत नाही."

वन्संनी दोरा तोडला. आता "जाऊ दे रे" येणार, म्हणून मी वाट बघत होते.

"आता कमी झालंय?" त्यांनी विचारलं.

"हो. मी स्वतः मोजलंय."

"तू नको मोजूस," वन्सं म्हणाल्या. "त्या बाईंना बोलाव. त्या सांगतील तोवर मी इथे बसणार नाही."

त्यांनी पडद्यांची घडी केली आणि उठल्या. मशीन वर न्यायला ह्यांनी हात घातला, तर त्या जिन्यातूनच म्हणाल्या, "राहू दे. मी शेजाऱ्यांना बोलावते."