बगळ्यांचं अप्रेझल

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. चार माणसं पाच-सहा हिवाळे एकाच रांगेत, एकाच गारठ्यात, एकच थर्मास फिरवत बसली की ते आपोआप जमतात. मग कुणाकडे जेवायला गेलं की भात वाढायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "अगं, तो बॉयलरवाला सांग ना!" मी सांगते. मग दुसरा. मग तिसरा. आणि भात गार.

आधी माणसं सांगते. दोन हजारच्या दशकात आम्ही इंग्लंडात, मिल्टन कीन्सला राहायचो. मी पुण्याची, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायच्या, हेच माझं पोटापाण्याचं काम. प्रफुल्ल नागपूरचा, माझ्याच ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजर. सावंत काका आणि सुनंदा काकी साठच्या दशकात इंग्लंडला आलेले, काका कारखान्यातून रिटायर झालेले. आणि त्यांची नात तारा, वय बारा, जन्म इथलाच.

शेजारच्या गावात, गाडीने वीस मिनिटांवर, आइस रिंक होतं आणि तिथे हेरन्स नावाची आइस हॉकीची प्रोफेशनल टीम. हेरन म्हणजे बगळा. त्यामुळे आमच्यात त्यांचं नाव पहिल्या दिवसापासून 'बगळे'!

*

सुरुवात झाली ती ऑफिसच्या रॅफलमुळे, म्हणजे सोडतीमुळे. प्रफुल्लला मॅचची पाच तिकिटं लागली. त्याने काकांना फोन केला, "काका, हॉकीची मॅच आहे, येता का?"

काका तरुणपणी खडकीला हॉकी खेळलेले, लेफ्ट विंगला. ते कशाला नाही म्हणतात! ऑक्टोबरातला लख्ख रविवार. काका आले ते डोक्यावर पांढरी हॅट, डोळ्यांवर काळा चष्मा आणि बगलेत फोल्डिंगची खुर्ची घेऊन. दारावरच्या बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि फार अदबीने म्हणाल्या, "सर, आत ऊन पडत नाही."

आत गेलो तर बर्फ! काकींनी मुकाट्याने आपली शाल काढून काकांच्या गळ्यात गुंडाळली. मॅच सुरू झाली. दुसऱ्याच मिनिटाला आपल्या एकाने समोरच्याला खांदा मारून कडेच्या फळीवर आदळलं. काका ताडकन उठले, "फाउल! फाउल!" शिट्टी वाजलीच नाही. थोड्या वेळाने तर दोघांनी हातमोजे फेकले आणि चक्क मारामारी सुरू केली. रेफरी शांतपणे बाजूला उभे!

"अहो, मग हे रेफरी ठेवलेत कशाला?" काका इंग्रजीतून ओरडले.

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने मान वळवली. हा डेरेक. रिटायर्ड बस ड्रायव्हर, टीम सुरू झाल्यापासून एक मॅच न चुकवलेला. तो म्हणाला, "ते दोघं दमले की हातमोजे कोणाचे कुठले हे सांगायला."

उरलेल्या सीझनची तिकिटं आम्ही त्याच संध्याकाळी काढली.

*

प्रफुल्ल म्हणजे अप्रेझलचा माणूस. आमच्या ऑफिसात वर्षातून दोनदा प्रत्येकाला शेरा मिळायचा. 'अपेक्षेपेक्षा उत्तम', 'अपेक्षेप्रमाणे' आणि 'सुधारणा हवी'. प्रफुल्लने बगळ्यांसाठी तसाच कागद बनवला. इंग्रजीत, चौकटी आखून, वीस खेळाडूंची वीस नावं. मॅच चालू असताना हा खाली मान घालून शेरे लिहितोय!

"अरे, गोल झाला!" मी ओरडायचे.

"कोणी केला? नंबर सांग, नंबर!"

त्या वर्षी पेपरांनी, रेडिओने, सगळ्यांनी बगळ्यांकडून फार मोठ्या अपेक्षा ठेवल्या होत्या. कॅनडाहून नवे खेळाडू, नवा कोच. आणि टीम हरत होती. प्रफुल्लचा जीव कळवळायचा. "काय करून राहिले बे हे लोक? इतक्या एक्स्पेक्टेशन्स आहेत यांच्याकडून!"

एकदा मध्यंतरात डेरेकने तो कागद मागून घेतला. चष्मा लावून पूर्ण वाचला. परत दिला.

"नगरपालिकेतून आलायस का रे तू?"

"नाही."

"मग ठीक आहे. मला वाटलं रिंक बंद करताय."

*

आता तो बॉयलरवाला.

जानेवारीत काकींचा घर गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला. काका लंडनला गेलेले. काकींना फोनवरचं इंग्रजी भराभर कळत नाही, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी फोन लावला, दुपारी गॅस इंजिनियर आला. उंच, भुवईवर चार टाके, हनुवटी काळीनिळी.

काकी घाबरल्याच. "अगं बाई! ॲक्सिडेंट झाला की काय याला!"

मी मात्र थिजले. हा आपला चौदा नंबर! डिफेन्सला खेळणारा. तेव्हा मला कळलं की आपल्या टीममधल्या इंग्लिश पोरांपैकी बरेच जण आठवडाभर दुसरी नोकरी करतात.

आणि मग आठवलं. काकांनी प्रफुल्लचा कागद फ्रिजवर लावलेला आहे! मी धावत जाऊन फ्रिजला पाठ टेकून उभी राहिले.

तो बॉयलर उघडून बसला. काकींनी चहा टाकला. "सरक गं, दूध काढू दे त्याच्या चहाला."

"काकी, काळाच पितो तो."

"तुला काय माहीत? सरक!"

सरकावं लागलं. त्याने चहाचा कप हातात घेतला, आणि घोट घेता घेता त्याची नजर फ्रिजवर गेली. 'नंबर चौदा. चूक झाल्यावर सावरायला वेळ लावतो. सुधारणा हवी.' त्याने ते वाचलं. मी पाहिलं, त्याने ते दोनदा वाचलं. चहा संपवला, कप सिंकमध्ये विसळून ठेवला आणि परत बॉयलरपाशी गुडघ्यांवर बसला.

काकींनी पोहे केले होते. खाता खाता त्याने सहज सांगितलं, शनिवारी स्कॉटलंडला मॅच, बसने परत, रविवारी इथे मॅच, सोमवारी सकाळी आठला पहिला बॉयलर. तक्रार म्हणून नाही, असंच.

तासाभराने रेडिएटर गरम झाले. निघताना त्याने फ्रिजकडे बोट दाखवलं आणि काकींना विचारलं, "आणि हे काम? सुधारणा हवी?"

"नो, नो!" काकी म्हणाल्या. "एक्सलंट! फर्स्ट क्लास!"

"मग तेवढं तिथे लिहाल का, प्लीज?"

काकींनी लिहिलं. मराठीत! 'बॉयलर उत्तम.' त्याने ते काय आहे ते विचारून घेतलं आणि हसत गेला.

मी हे ऑफिसात प्रफुल्लला सांगितलं. पुढच्या रविवारी त्याच्या कागदावर एक नवीन रकाना होता. 'आठवडाभर कामावर होता का?'

*

काकी मॅच पाहायच्याच नाहीत. त्यांना तो काळा पक, चेंडूऐवजी असते ती रबरी चकती, कधी दिसलाच नाही. त्या पाहायच्या पेनल्टी बॉक्सकडे. नियम मोडला की खेळाडूला दोन मिनिटं काचेच्या खोक्यात एकटं बसवतात, ती जागा आमच्या अगदी समोर. सगळं स्टेडियम त्याला शिव्या घालतंय, आणि काकी म्हणतायत, "बिचारा! पाणी तरी देतात का त्याला?"

ताराने समजावलं, "आजी, तो दुसऱ्याला पाडली ना, म्हणून त्याला बसवली."

"पाडलं, बसवलं. किती वेळ?"

"दोन मिनिट."

"दोनच?" काकींनी काकांकडे बघितलं. "अहो, ऐकलंत? मी तुमच्याशी चार-चार दिवस बोलत नाही!"

काका बर्फाकडे बघत म्हणाले, "त्याला दोन मिनिटांत बाहेर यावं लागतं गं. मला चार दिवस विश्रांती मिळते."

पुढचे चार दिवस कसे गेले, ते आम्ही विचारलं नाही.

*

मग मंदीचा हिवाळा आला. रोज कुणाच्या तरी कंपनीची बातमी. प्रफुल्लचं प्रोजेक्ट बंद झालं. आमच्या धंद्यात प्रोजेक्ट नसलेल्या माणसाला 'बेंचवर बसला' म्हणतात. बेंचवर फार दिवस बसलं की नोकरी जाते, आणि नोकरी गेली की व्हिसाही. त्याची बायको तेव्हा पोटुशी होती, नागपूरला गेलेली. त्यातच त्याचं स्वतःचं अप्रेझल झालं. शेरा मिळाला, 'सुधारणा हवी'.

त्या रविवारी तो रिंकवर आला, पण कागद नव्हता. खिशात हात घालून बसला. टीम तर ख्रिसमसपासून हरतच होती. त्या दिवशीही हरली, चांगली सणसणीत हरली. मॅच संपली आणि आजूबाजूचे सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. खेळाडू काठ्या वर करून रिंकभर एक फेरी मारत होते, मान खाली घालून.

"हे हरले ना?" प्रफुल्लने डेरेकला विचारलं. "मग टाळ्या कशाच्या?"

डेरेक टाळ्या न थांबवता म्हणाला, "शनिवारी त्यांना परत खेळायला यायचंय ना, मित्रा."

प्रफुल्ल खाली बसला. तोंड फिरवून बसला. काकींनी थर्मासचं झाकण भरून चहा त्याच्या हातात दिला. त्याने मग हळूच सांगितलं सगळं. बायकोला अजून सांगितलं नव्हतं म्हणे.

काकांनी ऐकून घेतलं. मग समोर बोट दाखवलं. "प्रफुल्ल, तू इतकी वर्षं मॅच बघतोस. या खेळात गोलकीपर सोडला तर कुणीही सलग मिनिटभर खेळत नाही. सगळे आळीपाळीने बेंचवर येतात, दम खातात आणि कठड्यावरून उडी मारून परत जातात. बेंचवर बसलेला माणूस इथे बाहेर फेकलेला नसतो. त्याची पाळी यायची असते. तू आधी आज घरी फोन कर."

त्याने तिथूनच, पार्किंगमध्ये उभं राहून फोन केला. आम्ही गाडीत बसून राहिलो. काचेवर वाफ धरली होती, ताराने त्यावर बगळा काढला.

सात आठवड्यांनी त्याला एडिनबरात एका बँकेचं प्रोजेक्ट मिळालं. तिथून त्याने मला ईमेलने एक कागद पाठवला. तोच, चौकटींचा, वीस नावांचा. वीसही नावांपुढे एकच शेरा. 'शनिवारी परत आला.'

*

आणि आता शेवटचा. हा मी नेहमी शेवटी सांगते, कारण यानंतर दुसरं कुणी काही सांगू शकत नाही.

त्याच सीझनचा शेवटचा लीग सामना. काय जादू झाली कोण जाणे, मार्चमध्ये बगळे दोन-तीन मॅच जिंकले होते आणि ही जिंकली तर प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी! पण टीमच्या कोचवर लोक चिडलेले होते. फार कडक माणूस. खेळाडू एकेका चुकीवर बेंचकडे बघायचे, हा काय म्हणतोय म्हणून. हरला तर याची नोकरी जाणार, हे सगळ्या गावाला माहीत.

मी आणि काकी आधी पोचलो होतो. काका ताराला घेऊन मागून येणार होते. पुढचं तारानं सांगितलेलं.

घरापासून जवळच्या एका राउंडअबाउटपाशी, म्हणजे गोल चौकापाशी, एक गाडी बंद पडलेली, आणि शेजारी सूट घातलेला माणूस फोन हातात घेऊन उभा. टायवर बगळा! काकांनी गाडी थांबवली. "कोच, बसा. आम्ही तिकडेच निघालोय. वीस मिनिटांत सोडतो."

कोच बसला. काकांनी गाडी काढली आणि बोलायला सुरुवात केली. खडकीचं मैदान, लेफ्ट विंग, त्यांचे सुभेदार कोच कसे ओरडायचे आणि मग पोरं बॉलऐवजी सुभेदारांकडेच कशी बघत बसायची. गाडी राउंडअबाउटला आली, फिरली, पुन्हा फिरली, भलत्याच रस्त्याला लागली. परत राउंडअबाउट. कोच घड्याळ बघतोय. काका म्हणतायत, "सॉरी हं, इथे सगळे राउंडअबाउट सारखेच दिसतात." दोन वेळा तर ते स्वतःच्याच घरावरून गेले!

इकडे मॅच सुरू झाली. कोच नाही. बेंचवर असिस्टंट, तोही गोंधळलेला. खेळाडूंनी बेंचकडे पाहिलं, तिथे ओरडणारं कुणी नव्हतं. पहिली पाच मिनिटं बिचकत खेळले. आणि मग जे सुटले! मी इतक्या वर्षांत तसा खेळ पाहिला नव्हता. एक गोल. दुसरा गोल. डेरेक उभा राहिला, तो मॅच चालू असताना कधीच उभा राहत नाही. तिसरा!

तेवढ्यात दारातून कोच आला. धावत, टाय खांद्यावर. त्याने स्कोअरबोर्ड पाहिला. तीन-शून्य. बेंचकडे जाता जाता थबकला. आणि तिथेच, दाराच्या बाजूला, भिंतीला टेकून उभा राहिला. पूर्ण मॅच! खेळाडूंना कळलंही नाही.

बगळे जिंकले. प्लेऑफ! माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती, काकी चुकून समोरच्या टीमच्या माणसाला मिठी मारून आल्या.

मी काकांना बाजूला घेतलं. "काका, तीस वर्षं राहताय तुम्ही मिल्टन कीन्समध्ये. मला नकाशाशिवाय पत्ते सांगता. रस्ता चुकलात कसे?"

काका चष्मा पुसत राहिले.

तारा म्हणाली, "आजोबाला रस्ता माहीत होती. मी सांगितला पण."

एवढ्यात गर्दीतून वाट काढत कोच आमच्या रांगेपर्यंत आला. काकांसमोर उभा राहिला. चेहऱ्यावर हसू नाही, काही नाही. त्याने हात पुढे केला.

"मिस्टर सावंत," तो म्हणाला, "पुढच्या शनिवारी तुम्ही मोकळे आहात का?"