केसभर चढा

"हे प्रबंधात येईल हं, शेट!" असं म्हणत मास्तर खिशातून वही काढायचे आणि बोटाला थुंकी लावून पान उलटायचे. मी शिव्या दिल्या तरी वही निघायची. एकदा मी एका पेटीच्या भात्यातून मेलेली पाल काढली, तेव्हाही निघाली.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. तोंडावर गोड, आणि जाताना तुमचंच काहीतरी घेऊन जाणारी.

रत्नागिरीत राम आळीच्या मागे माझं पेट्या दुरुस्त करायचं दुकान आहे. गिरगावात एका पेटीवाल्याकडे झाडू मारता मारता हे काम शिकलो. कोणी हात धरून शिकवलं नाही. मास्तर इथल्या शाळेत संगीत शिकवायचे आणि पेटीवादनात डॉक्टरेट करत होते. त्यात नुसतं लिहून भागत नाही. परीक्षकांसमोर मैफल करायची, आणि जे वाजवलं ते कुठून आलं हे प्रबंधात मांडायचं. वाजवायला बरे होते. खोटं कशाला बोलू, उजवा हात फार गोड होता. घोटाळा झाला तो कुठून आलं हे मांडताना.

दोन वर्षं, शाळा सुटली की ते माझ्या दाराजवळच्या स्टुलावर येऊन बसत. एके दिवशी मोबाइलवरच्या सूर मोजायच्या काट्यासमोर पेटीचा सूर धरून म्हणाले, "शेट, तुमचा प्रत्येक सूर केसभर चढा आहे. कान गेला वाटतं?"

"कान तुमचा गेला!" मी कानस आपटली. "समुद्रावरचं खारं वारं आतल्या पितळी पट्टीवर बसतं. पट्टी जड होते, सूर उतरतो. म्हणून मी केसभर चढा ठेवतो. महिन्याभरात आपोआप जागेवर येतो."

मास्तरांनी मोबाइल खिशात टाकला. मग वही निघाली. "हे प्रबंधात येईल हं."

"येईल तर माझ्या नावानं येईल."

"ऋणनिर्देशात घालतो की!"

"तिथं तुमच्या डबेवाल्या बाईंचंही नाव असणार. मला आत पाहिजे. प्रकरणात."

अर्धा तास घासाघीस चालली. शेवटी मास्तरांनी हात पुढे केला. "प्रकरण चौथं. तुमचं नाव, गाव, दुकान. झालं समाधान?" मी हातावर हात मारला आणि त्यांची मैफलीची पेटी फुकट लावून दिली. आमच्यात रिवाज आहे, पेटी लावली की आतल्या फळीवर पेन्सिलीनं नाव लिहायचं. पुढचा दुरुस्तीवाला उघडेल तेव्हा वाचेल, दुसरं कोणी नाही. मला आयुष्यात एकदा तरी झाकणाबाहेर नाव हवं होतं.

मैफलीला मी इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसलो. वादन झालं, टाळ्या झाल्या. परीक्षक बाईंनी विचारलं, "हा चढा सूर तुम्हाला कुठं सापडला?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग नजर उचलली. "अनेक वर्षांच्या निरीक्षणातून. कोकणातल्या भजनी कानालाच चढा सूर आवडतो, असा माझा सिद्धांत आहे."

मी उभा राहिलो. "निरीक्षण कुठं बसून केलंत तेही सांगा! माझ्या स्टुलावर! आणि आवडतंय कसलं डोंबल, मीठ आहे ते, मीठ!"

सभागृह हसलं. दोघांनी दंडाला धरून मला दाराकडे नेलं. मागून मास्तरांचा आवाज आला, "इथले कारागीर आहेत. गुणी आहेत, जरा तापट."

पदवी मिळाली. प्रबंधाची जाड प्रत त्यांनी मला पाठवली. चौथं प्रकरण मी तीनदा वाचलं. 'एका स्थानिक कारागिराच्या मते', एवढंच. मीठ कुठंच नाही. मिठावर कोणी डॉक्टर करत नाही, असं वाटलं असेल.

पुण्याला मोठी नोकरी लागली, तेव्हा निरोप घ्यायला आले. मी शटर अर्धं खाली ओढलं. खालून फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. बराच वेळ त्या हलल्या नाहीत. मीही हललो नाही.

गेल्या महिन्यात त्यांची चिपळूणची बहीण तीच पेटी घेऊन आली. "दादानं तुमच्याकडेच द्यायला सांगितलंय."

"का? पुण्यातले पेटीवाले मेले?"

ती चाचरली. "म्हणाला, या वेळी चढा ठेवू नका म्हणावं. इकडे पुण्यात खारं वारं नाही, सूर उतरतच नाही."

म्हणजे मेल्यानं ऐकलं होतं. शब्द न् शब्द ऐकला होता.

पेटी बिघडवून परत पाठवायला मला एक दुपार पुरली असती. पण त्या उजव्या हाताखाली खोटा सूर मला सोसला नसता. चार दिवस बसून एकेक पट्टी काट्यावर आणली, केसभरही इकडेतिकडे नाही. मग फळीवरच्या माझ्या जुन्या नावाखाली, पेन्सिलीला थुंकी लावून, पुन्हा ठळक लिहिलं. नाव, गाव, दुकान. वर मथळा दिला, 'प्रकरण चौथे'.

आणि फळी बसवून स्क्रू आवळले.